नानांचा पोटखराबा

भिवंडीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमची नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, मटण-मच्छी खाता का हेही विचारलं नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या बसल्या मान वर करून त्यांनी एवढंच विचारलं, "तुमाला चिखलाची किलस हाय का?"

आमचे हे घाईघाईने म्हणाले, "छे छे, अजिबात नाही." मी म्हणाले, "मला आहे. भयंकर आहे."

घरमालक उठले, पांढऱ्याशुभ्र लेंग्यावरची धूळ झटकली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "खोली बाईला दिली. भाऊ ऱ्हातील बाईसंगती." ह्यांना तो अपमान पुढे बरीच वर्षं पचला नाही. खोटं ह्यांनी बोलावं आणि घर मला मिळावं, हा न्याय मलाही तेव्हा समजला नव्हता. पण नानांच्या बाबतीत न समजण्याची सवय मला त्याच दिवसापासून लागली, आणि ती अजून सुटलेली नाही.

त्यांना सगळे नानाच म्हणत. मूळचे वळ गावचे, आगरी शेतकऱ्याच्या घरातले. एके काळी तिथे त्यांच्या घराची भातशेती होती. आता तिथे गोदामं आहेत आणि मुंबईकर घरबसल्या मागवतात त्या वस्तू, मिक्सरपासून मोज्यांपर्यंत, त्यांत रचून ठेवलेल्या असतात. गोदामांच्या भाड्यावर नानांनी शहरात इमारत बांधली आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहायला गेलो. मी मराठी शाळेत शिकवत होते, हे कापडाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघत. नाना गळ्यात जाड साखळी घालत, कडक इस्त्रीचे कपडे वापरत आणि एवढी मोठी गाडी ठेवत की ती आमच्या गल्लीत वळवायची तर भाजीवाल्याला हातगाडी उचलावी लागे. त्या गाडीच्या डिकीत मात्र एक पाण्याचा कॅन, जुना टॉवेल आणि टाचा घासायचा दगड एवढंच सामान असे. नाना दिवसाआड कुठेतरी जात आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून परत येत.

राहायला जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा ते सकाळी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, माझा पोटखराबा बघाला येता का?"

मी शिक्षिका असले तरी शेवटी कारकुनाच्या घरातली मुलगी. सातबारा वगैरे आमच्याकडे कोणाच्या बापजन्मी नव्हता. मी गडबडून म्हणाले, "नाना, मी काय बघणार? डॉक्टरांना दाखवा. तोवर ओवा देते, गरम पाण्याबरोबर घ्या." त्यांनी ओवा घेतला. चावून खाल्ला. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "येवढ्या मोठ्या जमिनीला चमचाभर ओवा काय पुरनार?" जमिनीतल्या ज्या तुकड्यात पीक येत नाही त्याला सरकारी भाषेत पोटखराबा म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. नंतर कितीतरी वर्षं नाना मला कुठेही भेटले, भर बाजारात भेटले तरी, "बाई, ओवा संपला," असं ओरडून सांगत.

तो पोटखराबा म्हणजे वळच्या गोदामांमागचं त्यांचं खाजण. खाडीचं पाणी जिथे भरतीला आत शिरतं आणि ओहोटीला चिखल सोडून जातं ती जागा. तिन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती, चौथ्या बाजूला खाडी, आणि मध्ये तिवराची दाट, काळपट हिरवी झाडी. चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी मुळं वर आलेली. पुस्तकात त्यांना श्वासमुळं म्हणतात. नाना म्हणत, "ही त्याची नाकं. तुमी नाकावर पाय देता, बाई, सरकून उभ्या ऱ्हावा." पहिल्या खेपेला मी अर्ध्या पोटरीपर्यंत रुतले, एक चप्पल तिथेच ठेवून आले आणि घरी येऊन दोनदा आंघोळ केली. नाना त्या चिखलात देवळात उभं राहावं तसे उभे होते. बोटभर लांबीचे निवटे मासे त्यांच्या पायांवरून उड्या मारत जात होते आणि ते हलत नव्हते.

त्यांची एक समजूत होती की कोरड्या जमिनीवर माणूस भांडतो. चिखलात उभ्या माणसाचं सगळं लक्ष पायांत असतं, त्याला खोटं बोलायला सवड नसते. म्हणून गोदामाचा करार करायला आलेल्या माणसाला ते आधी खाजणात नेत. बूट काढायला तयार नसेल त्याच्याशी बोलणी बंद. भरती-ओहोटी त्यांना तोंडपाठ होती आणि जगातली प्रत्येक गोष्ट ते त्यावर जोखत. मुलाच्या लग्नाचा भटजींनी काढलेला मुहूर्त ओहोटीत पडतो म्हणून त्यांनी तो भरतीपर्यंत लांबवला. वऱ्हाड मांडवात ताटकळलं, नवरीच्या मामांनी आवाज चढवला, भात गार झाला. नाना मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नुसते म्हणत होते, "पानी येऊंद्या."

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, चला, एक निसर्गप्रेमी गृहस्थ दिसतात. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा त्यांनी स्वतःच सांगितलं की वळ गावात भरावाचा पहिला डंपर त्यांनीच आणला. हे सांगताना त्यांना लाज वाटत नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "सगले हसले मना. बोलले, पान्यात माती टाकतंय. मंग सगल्यांनी टाकली." त्यांच्या आजच्या गोदामांखाली अशीच तिवरं गाडलेली होती. मग हा एवढाच तुकडा का राखला? तिवरं तोडायला कायद्याने बंदी आहे हे खरं, पण आमच्या भागात कायदा माणसं वाचतात आणि भराव डंपर टाकतात, त्यामुळे ते काही कारण झालं नाही.

विचारणाऱ्या प्रत्येकाला वेगळं उत्तर. तलाठ्याला त्यांनी सांगितलं होतं, तिथं चिंबोऱ्या चांगल्या मिळतात. मुलाला सांगितलं होतं, थांब, भाव चढू दे. आमच्या ह्यांना सांगितलं, पुराचं पाणी आत येतं त्याला बसायला जागा नको का. मला म्हणाले, तिथं गेलं की डोकं गार होतं. शेवटी मी नानींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं. त्या पापड लाटत होत्या. म्हणाल्या, "बाई, पन्नास वर्सं मी त्यांना जेवन वाढतंय. अजून ठावं न्हाय त्यांना आमटी आवडते का न्हाय." मी मुलांना शाळेत सांगत असे की एका प्रश्नाला एकच उत्तर लिहा. इथे चार उत्तरं होती आणि चारही मला खोटी वाटत होती.

एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला गाडीत घातलं आणि थेट सिंधुदुर्गात, दोडामार्गाच्या बाजूला नेलं. काजूची बाग विकत घ्यायला ते आधी एकदा तिकडे गेले होते. दलालाने जाता जाता एक देवराई दाखवली आणि नाना काजू विसरून आले. ती देवराई म्हणजे गोड्या पाण्याच्या दलदलीतलं जंगल. खाडी नाही, मीठ नाही, तरीही पायाखाली सगळा चिखल आणि त्यातून झुळझुळणारं पाणी. रानजायफळाची उंच झाडं, खाली दिवसाढवळ्या अंधार, आणि मुळं चिखलातून वर येऊन, वाकून, पुन्हा चिखलात गेलेली. नाना कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, ही झाडं उकिडवी बसलीत. आमचा तिवर नाकानी जगतो, हा गुडघ्यांनी."

देव म्हणजे झाडाच्या बुंध्याशी एक पाषाण. कमरेला कोयती लावलेले गावचे एक म्हातारे गृहस्थ आमच्याबरोबर होते. त्यांनी सांगितलं, "ह्या देवाक छप्पर चालणा नाय. आनी हयसरची काटकीसुद्धा कोण भायर नेयत नाय."

नानांनी विचारलं, "आनि भराव?"

"भराव म्हंजे?"

"माती. पान्यात माती टाकाची. जमीन करावाला."

म्हाताऱ्यांनी एकदा नानांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्यांना वाटलं आम्ही त्यांची चेष्टा करतो आहोत. "पाण्यात माती? कित्याक?" त्यांनी विचारलं. नाना हसायला लागले आणि त्यांना थांबताच येईना. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं होतं का, मला सांगता येणार नाही.

परतीच्या वाटेवर पनवेल मागे पडलं. तेव्हा नाना एकदम बोलले, "आपल्याकडं देवाला पह्यला छप्पर, मंग लादी, मंग पंखा. मना उघड्यावरचा पायजे." हे झोपले होते. मी म्हणाले, "असेल कुठेतरी." नाना म्हणाले, "असेल काय, आनावा लागंल."

त्यानंतर काही दिवसांनी ते वर आले. "बाई, मिक्सर हाय ना तुमच्याकडं?"

"आहे की."

"मंग वरवंट्याचं काय करता?"

काही करत नव्हते. तो सासूबाईंचा होता, पाटा कधीच फुटला होता आणि वरवंटा दार उघडं ठेवायला लावला होता. नानींना चटणी वाटायची असेल असं समजून मी देऊन टाकला. पुढच्या रविवारी नाना आम्हाला खाजणात घेऊन गेले. सगळ्यात जुन्या तिवराच्या बुंध्याशी चिखलात माझा वरवंटा उभा होता. वरपासून खालपर्यंत शेंदूर, गळ्यात झेंडूची माळ, समोर फोडलेला नारळ. मी त्याला बाजूच्या टवक्यावरून ओळखलं. तो सासूबाईंच्या पायावर पडला होता तेव्हाचा टवका.

"नाना, हा माझा वरवंटा आहे," मी म्हणाले.

"व्हता," नाना म्हणाले.

त्यांचा हिशेब सरळ होता. देव बसला की भराव टाकायला कोणी धजणार नाही. दोडामार्गात चालतं तर वळला का नाही चालणार? सुरुवातीला तसंच झालं. शेजारचा गोदामवाला हद्दीवर हळूहळू माती सरकवत होता, तो थांबला. मग गावातल्या एका आजीबाईंची हरवलेली म्हैस सापडली. आजींनी त्या देवाला नवस बोलला होता. झालं. मंगळवारी बायका यायला लागल्या, कोणाच्या नातवाला नोकरी लागली, कोणाचा ताप उतरला. मी गेले की आजी मला चिखलातून हाताला धरून पुढे नेत. "पाया पडा बाई, देव जागृत हाय." ज्याने मी एके काळी सुक्या खोबऱ्याचं वाटण वाटलं त्याच्या पाया पडायचं का, हे मला ठरवता येत नसे. आजींचा चेहरा बघून माझे हात मात्र जोडले जात. आणि हात जोडल्यावर, खरं सांगते, बरं वाटे.

पण जागृत देव चिखलात ठेवतात होय? आधी कोणीतरी फळ्या टाकल्या. मग म्हाताऱ्या माणसांचे हाल बघवत नाहीत म्हणून गावच्या मंडळाच्या पोरांनी मोठ्या भक्तिभावाने, पदरचं डिझेल घालून, पडलेल्या लूमच्या कारखान्याचा राडारोडा आणून टाकला. देवाला रस्ता. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, पत्रे. रस्ता गोदामाच्या भिंतीपासून निघाला आणि खाजणाच्या मध्यापर्यंत आला. त्याच्याखाली ती सगळी नाकं गेली. मी ते पाहिलं तेव्हा मला रडू आलं, आणि ज्या चिखलाची मला भयंकर किळस होती त्याची माया मला कधी लागली हे समजेना. नानांचा मुलगा गोदामांचा कारभार बघत असे. तो तिथे फोनवर फोटो काढत होता. मला म्हणाला, "बाई, पुण्याचं काम आहे. वर शेड टाकू, खाली लादी, भाविकांना पार्किंग. उरलेल्या जागेचं मग बघता येईल."

उरलेली जागा. एवढं मोठं खाजण, ते आता उरलेली जागा झालं होतं. देवासाठी पडणाऱ्या मातीला कोण हरकत घेणार? तक्रार केली तर गाव अंगावर येणार. रस्ता पुरा झाला की त्याच रस्त्याने डंपर आत जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

नाना जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहत. इस्त्री नाही, दाढी नाही. "बाई, मी देव आनला भराव थांबवाला. देवच भराव घेऊन आला," ते म्हणाले. मग खाली मान घालून म्हणाले, "रविवारी गाव जमनार हाय, शेडचा ठरवाला. तुमी सांगा. वरवंटा तुमचा हाय. तुमी बोलला का इषय संपला."

मी चिडले. म्हणाले, "नाना, देव तुम्ही बसवला आणि उठवायचा मी? उद्या गावाने मला चिखलात पुरलं म्हणजे?" मी बराच वेळ आणखी चिडून घेतलं आणि मग हो म्हणाले. ह्यांनी मला वेड्यात काढलं. मी ह्यांच्याशी भांडलेही नाही, कारण मला स्वतःलाच ते पटत होतं.

रविवारी सकाळी गोदामाच्या सावलीत गाव जमलं. मी मनाशी वाक्य तयार केलं होतं: हा दगड आमच्या स्वयंपाकघरातला आहे. माझ्यासमोरच आजी बसल्या होत्या, काष्टा घट्ट मारून, हातात ओटीचं सामान घेऊन. नानांच्या मुलाने शेडचं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी उठले. उठले, पण आजींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वाक्य कुठल्या कुठे गेलं. तेवढ्यात नाना उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"मना सपान पडला," ते म्हणाले.

मागची माणसं पुढे सरकली.

"देव उभा व्हता माझ्या उशाला. चिखलानी भरलेला. बोलला, मी चिखलात आलो, तुमी पन चिखलातनंच या. डोक्यावर सावली नको, पायाखाली माती नको. ज्याला पाय भिजवाचे न्हाईत त्यानी लांबनं हात जोडावे. बोलला, माझ्या छातीवर विटा टाकल्यात, त्या काढा."

मंडळाच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग आजी उठल्या. वाटेत तो रस्ता होता, त्याच्यावर त्यांनी पाऊल ठेवलं नाही. बाजूने सरळ चिखलात उतरल्या, गुडघ्यापर्यंत रुतल्या, पुढे गेल्या आणि परत येताना विटेचा एक तुकडा छातीशी धरून घेऊन आल्या. तो त्यांनी भिंतीपाशी ठेवला. त्यांच्यामागून दुसरी बाई उतरली. मग पोरं. मीही उतरले. पुढे मंगळवारी येणारा प्रत्येक जण निघताना घमेलंभर राडारोडा बाहेर घेऊन जाऊ लागला आणि तोच नवस झाला. ज्या डंपरने तो आणला होता त्यानेच तो भरून नेला. खाजणात पाणी पुन्हा सगळीकडे फिरायला लागलं.

त्या रविवारी परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. ड्रायव्हरला त्यांनी गावातच ठेवलं होतं, गाडी ते स्वतः चालवत होते. पायाचा चिखल तसाच. अंजूरफाट्याला ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो तेव्हा मी विचारलं, "नाना, स्वप्न खरंच पडलं?"

"सपान पडाला झोप लागाला पायजे, बाई. महिनाभर डोल्याला डोला न्हाय."

"मुलाला अडवायला एवढं सगळं करावं लागलं तुम्हाला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी काहीतरी भलतंच बोलले असावे असा तो चेहरा होता.

"पोरगा? पोरग्याचा काय संबंध? खाजन इकाला कंपनीवाल्याला मीच बोलवलेला. देव बसवला त्याच्या आधी. पोरगा तर दोनदा बोलला, नाना, नक्की ना? मी बोललो, नक्की. तो बिचारा माझाच शब्द पुढं नेत व्हता." पुढचा ट्रक हलला. नानांनी गाडी पुढे घेतली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. "त्यानी दर सांगितला न माझा जीव गेला त्याच्यात. घरी आलो, जेवलो न्हाय. सकाली खाजनात जाऊन उभा ऱ्हायलो, तरी तो दरच कानात. पह्यला डंपर मीच आनलेला ना. मना ठावं हाय मी कसा हाय. गाव, पोरगा, सरकार, सगल्यांना मी अडवला असता. मना कोन अडवनार व्हता?"

मागचे हॉर्न वाजतच होते. मी त्यांना पुढे व्हा म्हणाले नाही.